पॅसिफिकच्या काठावरचं स्टॅनफर्ड ‘अटलांटिक’ गटात कसं गेलं?

अमेरिकेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. स्टॅनफर्ड आणि बर्कली ही दोन्ही विद्यापीठं सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, म्हणजे पार पश्चिमेला. पण २०२४ पासून त्यांचे संघ ज्या गटात खेळतात त्याचं नाव आहे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स. लॉस एंजेलिसचं यूसीएलए आणि न्यू जर्सीचं रटगर्स हेही आता एकाच गटात आहेत. दोघांमध्ये साधारण ४,००० किलोमीटरचं अंतर आणि घड्याळात तीन तासांचा फरक. त्या गटाचं नाव बिग टेन, सदस्य १८. आणि १९१५ पासूनचा वारसा सांगणारा पॅसिफिक-१२ हा गट २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात कोसळला. महिनाभरानंतर बारांपैकी दोघंच मागे उरले होते.

न्यू जर्सी, बे एरिया, सिअॅटल, फिनिक्स इथल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं याच विद्यापीठांत शिकतात. शनिवारी मुलं विद्यापीठाच्या रंगाचे टीशर्ट घालून स्टेडियम गाठतात. आईवडिलांना खेळाचे नियम उमगत नाहीत, आणि गट बदलण्याचं हे प्रकरण तर मुळीच नाही. बातम्यांत याला रीअलाइनमेंट म्हणतात, म्हणजे गटांची फेरजुळणी. दिसायला विषय खेळाचा, पण सगळा व्यवहार करारांचा, मतांचा आणि बंद दाराआडच्या फोनाफोनीचा आहे. सहकारातलं राजकारण पाहत मोठं झालेल्या माणसाला तो समजायला अजिबात जड जाऊ नये.

कॉन्फरन्स म्हणजे नेमकं काय?

इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड चढवून, लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकन फुटबॉल. कॉलेजचा फुटबॉल तिथे किती मोठा आहे, याची कल्पना इथे बसून येत नाही. ॲन आर्बर या गावातल्या मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १,०७,००० हून जास्त माणसं बसतात. तीन वानखेडे भरून वर माणसं उरतील. बऱ्याच राज्यांत सरकारी तिजोरीतून सर्वांत जास्त पगार राज्याच्या गव्हर्नरला मिळत नाही, सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाला मिळतो.

प्रत्येक संघ हंगामात साधारण बारा सामने खेळतो. त्यांतले आठ-नऊ आपल्या गटातल्या संघांशी. हा गट म्हणजे कॉन्फरन्स. त्याचा एक कमिशनर असतो, पण मालक असतात सदस्य विद्यापीठांचे अध्यक्ष, म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूंच्या जागचे लोक. कोणाला गटात घ्यायचं, पैसे कसे वाटायचे, यावर मत तेच देतात. प्रशिक्षक देत नाहीत, खेळाडू तर नाहीतच.

एखाद्या तालुक्याचा दूध संघ घ्या. गावोगावच्या डेअऱ्या एकत्र येतात, कारण एकटीदुकटी डेअरी मोठ्या खरेदीदाराशी भावाची घासाघीस करू शकत नाही. संघ सगळ्यांचं दूध एकत्र विकतो. आता समजा, दहांपैकी दोन डेअऱ्याच निम्मं दूध घालतात आणि पैसे मात्र दहा जणांत सारखे वाटले जातात. काही वर्षं हे निभतं. शेजार असतो, सोयरीक असते, आणि बाकीच्या आठांशिवाय संघ उभाही राहत नाही. मग एक दिवस पलीकडच्या बड्या संघाचा माणूस त्या दोघांना गाठतो: आमच्याकडे या, तुमच्या वाट्याला दुप्पट येईल. पुढे काय होतं ते सांगायला नको.

कॉन्फरन्समध्ये दुधाच्या जागी सामन्यांचे टीव्ही-प्रसारणाचे हक्क असतात. सदस्य फुटू नये म्हणून ‘ग्रँट ऑफ राइट्स’ नावाचा करार केला जातो. त्यात विद्यापीठ आपल्या घरच्या मैदानावरच्या सामन्यांचे प्रसारणहक्क ठरावीक वर्षांसाठी गटाच्या नावावर करून देतं. गट सोडला तरी त्या मुदतीपर्यंत हक्क गटाकडेच राहतात. पुढे या कराराला मी हक्कपत्र म्हणेन. ही फुटाफूट समजून घ्यायला फार काही लागत नाही. कोणत्या गटाच्या हक्कपत्राची मुदत कधी संपते, एवढं बघत राहायचं.

एका खटल्याने मोकळं केलेलं मैदान

१९८४ पर्यंत ही खेचाखेच नव्हती, कारण विकणारा एकच होता. एनसीएए ही कॉलेज क्रीडेची देशव्यापी संघटना कोणता सामना टीव्हीवर दाखवायचा ते ठरवत असे. घरबसल्या सामना दिसला तर तिकीट काढून मैदानावर कोण येणार, ही त्यामागची भीती. त्यामुळे कोणताही संघ दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा टीव्हीवर दिसता कामा नये, असा नियम होता.

ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी याविरुद्ध दावा लावला. २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची ही व्यवस्था मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही असा निकाल दिला. विरोधात मत देणाऱ्या दोघांत न्यायमूर्ती बायरन व्हाइट होते. ते स्वतः तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे नावाजलेले फुटबॉलपटू. कॉलेजच्या खेळाकडे निव्वळ धंदा म्हणून पाहणं चूक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. कायद्याच्या कसोटीवर बहुमताचा निकाल बरोबरच होता, असं मला वाटतं. पण त्या दिवसापासून सगळ्यांनी मिळून बसायचं टेबलच उरलं नाही. एनसीएएच्या जागी दुसरी कोणतीही व्यवस्था कोणी उभी केली नाही. प्रत्येक गट आपापला माल घेऊन बाजारात उतरला.

१९९० मध्ये नोट्र डेम विद्यापीठाने एनबीसी वाहिनीशी एकट्याने करार केला. त्याच सुमारास दक्षिणेतल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सने, म्हणजे एसईसीने, नियमावलीतली एक बारीक तरतूद हेरली. बारा सदस्य असतील तर गटाचे दोन भाग पाडून अंतिम सामना खेळवता येतो, आणि तो सामना वेगळा विकता येतो. कमिशनर रॉय क्रेमर यांनी आर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना यांना घेऊन बाराचा आकडा गाठला. १९९२ मध्ये पहिला अंतिम सामना झाला. तिथून आकडा वाढवायची चढाओढ सुरू झाली, ती आजवर चालू आहे.

टीव्हीवाल्यांना काय हवं असतं?

याचं उत्तर काळाप्रमाणे बदललं, आणि ते बदललं की फुटणारे संघही बदलले.

केबलच्या जमान्यात वाहिनीला घरं हवी होती. ग्राहक सामना बघो न बघो, त्याच्या महिन्याच्या बिलातून वाहिनीचे पैसे कापले जायचे. बिग टेनने २००७ मध्ये फॉक्सबरोबर स्वतःची वाहिनी काढली. ज्या भागात गटाचा सदस्य असेल, तिथल्या केबलवाल्याकडून वाहिनीला कितीतरी जास्त दर मिळे. म्हणून २०१२ मध्ये बिग टेनने मेरीलँड आणि रटगर्सला बोलावलं. रटगर्स म्हणजे १८६९ मध्ये कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना खेळणारं विद्यापीठ, पण त्याचं आमंत्रण त्या पुण्याईवर आलं नव्हतं. रटगर्स घेतलं की न्यूयॉर्क परिसराची केबल जोडणी हाती लागत होती, आणि मेरीलँडमुळे वॉशिंग्टनची. मेरीलँडचा क्रीडा विभाग तेव्हा कर्जात रुतला होता, सात खेळांचे संघ त्यांनी बंद केले होते. ज्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचं, म्हणजे एसीसीचं, ते संस्थापक सदस्य होतं, ती सोडायची भरपाई म्हणून शेवटी ३ कोटी १४ लाख डॉलरवर तडजोड झाली.

पुढे लोक केबल तोडायला लागले. मग घरांपेक्षा प्रत्यक्ष बघणाऱ्या डोळ्यांची किंमत वाढली. देशभरातली माणसं कोणत्या संघासाठी टीव्ही लावतात? टेक्सस, ओक्लाहोमा, साउदर्न कॅलिफोर्निया, ओहायो स्टेट, अलाबामा, अशी मोजकी नावं. एका गटात ही जितकी जास्त, तितका करार मोठा. खरेदीदारही मुख्यतः दोनच: डिस्नीच्या मालकीचं ईएसपीएन आणि फॉक्स. एसईसी पूर्णपणे ईएसपीएनशी बांधलेली, तर बिग टेनच्या वाहिनीत फॉक्सची बहुसंख्य मालकी. दोन बडे खरेदीदार आणि त्यांच्या पाठबळावर फुगलेले दोन बडे गट, अशी आजची मांडणी आहे.

उघडपणे कोणीच कोणाला बोलावत नाही

आता पडद्यामागे शिरू. दुसऱ्याच्या चालू करारात ढवळाढवळ करून तो मोडायला लावला, तर अमेरिकी कायद्यात नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो. त्यामुळे कोणताही कमिशनर परक्या गटातल्या विद्यापीठाला “आमच्याकडे या” असं उघड म्हणत नाही. कागदावर क्रम नेहमी उलटा असतो. विद्यापीठ आपण होऊन अर्ज करतं, गट त्या अर्जावर विचार करतो, अध्यक्ष मत देतात, पत्रक निघतं. प्रत्यक्षात सगळं आधी ठरलेलं असतं. दोन्हीकडचे वकील, माध्यम सल्लागार, विश्वस्त मंडळावरचे उद्योजक, मोठे देणगीदार यांच्यामार्फत निरोप फिरतात. टीव्ही कंपनीही अमक्याला घ्या असं सांगत नाही. अमुक दोघं आले तर करारात किती वाढ देऊ, एवढा आकडा ती कानावर घालते. तेवढं पुरतं.

कधीतरी एखाद्याच्या तोंडून निसटतं. २०११ मध्ये बॉस्टन कॉलेजचे तेव्हाचे क्रीडासंचालक जीन डीफिलिपो एका वृत्तपत्राशी बोलताना सांगून बसले की काय करायचं ते आम्हाला टीव्हीने, ईएसपीएनने सांगितलं. नंतर त्यांना माफी मागावी लागली.

गुप्तता किती कडेकोट असते, हे टेक्ससच्या उदाहरणात दिसतं. २१ जुलै २०२१ रोजी एका ह्यूस्टनच्या दैनिकाने बातमी फोडली की टेक्सस आणि ओक्लाहोमा बिग ट्वेल्व्ह हा आपला गट सोडून एसईसीत चालले आहेत. त्या क्षणी एसईसीचा वार्षिक माध्यम मेळावा भरला होता आणि टेक्सस ए अँड एम या त्याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठाचे क्रीडासंचालक तिथेच होते. टेक्ससच्या सावलीतून सुटण्यासाठीच ए अँड एम २०१२ मध्ये एसईसीत आलं होतं. राज्यातला एकमेव एसईसी संघ आम्हीच राहू इच्छितो, असं ते तिथेच पत्रकारांना सांगून मोकळे झाले. आठवडा उलटला आणि मतदान झालं, तेव्हा चौदाच्या चौदा मतं बाजूने पडली. ए अँड एमचंही. बिग ट्वेल्व्हच्या कमिशनरनी ईएसपीएनला कायदेशीर नोटीस धाडली, ईएसपीएनने आरोप नाकारला, आणि दोन्ही विद्यापीठं मिळून १० कोटी डॉलर भरून मुदतीच्या एक वर्ष आधी, २०२४ मध्ये बाहेर पडली.

यात राज्यातले पुढारी कुठे येतात?

यांतली बहुतेक विद्यापीठं सरकारी आहेत. त्यांची अनुदानं विधिमंडळात ठरतात. त्यामुळे राजकारणी बाजूला राहणं शक्यच नाही.

१९९४ मध्ये साउथवेस्ट कॉन्फरन्स मोडकळीला आली आणि टेक्सस व ए अँड एम नव्या बिग ट्वेल्व्हकडे निघाले. टेक्ससचे लेफ्टनंट गव्हर्नर बॉब बुलक हे टेक्सस टेक आणि बेलर या दोन्हींचे माजी विद्यार्थी. त्यांनी दोन्ही बड्या विद्यापीठांवर वजन टाकलं, आणि टेक्सस टेक व बेलर यांनाही नव्या गटात जागा मिळाली. ह्यूस्टन, राइस, टीसीयू आणि एसएमयू मागे राहिले.

२००३ चं व्हर्जिनिया प्रकरण तर शिकण्यासारखं आहे. एसीसीला विस्तार करायचा होता. यादीत मायामी, सिरॅक्यूज आणि बॉस्टन कॉलेज. नऊपैकी सात मतं लागत होती आणि दोघं विरोधात होते, म्हणजे व्हर्जिनिया विद्यापीठाचं एक मत निर्णायक. गव्हर्नर मार्क वॉर्नर यांनी हे ओळखलं. आपल्याच राज्यातलं व्हर्जिनिया टेक उघड्यावर पडू नये म्हणून त्यांनी दबाव आणला. शेवटी सिरॅक्यूजचं नाव खाली गेलं आणि व्हर्जिनिया टेक आत आलं. गंमत अशी की त्याच आठवड्यांत व्हर्जिनिया टेक एसीसीविरुद्धच्या दाव्यात फिर्यादी होतं. आमंत्रण हातात पडताच ते दाव्यातून बाहेर पडलं.

४ ऑगस्ट २०२३

पॅसिफिक-१२ चं काय झालं, हे जरा सावकाश पाहू, कारण वर सांगितलेले सगळे धागे तिथे एकत्र आले.

या गटाचा टीव्ही करार १२ वर्षांचा, ३०० कोटी डॉलरचा होता. झाला तेव्हा विक्रमी होता. तो २०२४ च्या उन्हाळ्यात संपत होता, आणि हक्कपत्राची मुदतही तेव्हाच. म्हणजे त्या वेळी जो जाईल त्याला अडवणारं काहीच उरणार नव्हतं. गटाने कोणालाही भागीदार न घेता स्वतःची वाहिनी काढली होती. डायरेक्टीव्ही या मोठ्या सॅटेलाइट कंपनीने ती कधीच दाखवली नाही. उत्पन्न मागे पडत गेलं.

२०२१ मध्ये टेक्सस-ओक्लाहोमा फुटल्यावर बिग ट्वेल्व्हचे उरलेले आठ सदस्य वाऱ्यावर होते. त्यांतले काही उचलण्याची संधी पॅसिफिक-१२ ला होती. ऑगस्टअखेर त्यांनी जाहीर केलं की आम्हाला विस्तार नको. त्याच महिन्यात बिग टेन, एसीसी आणि पॅसिफिक-१२ यांच्या कमिशनरांनी ‘अलायन्स’ नावाची आघाडी जाहीर केली होती. सहीचा कागद नाही, फक्त शब्द. दहा महिन्यांनी, ३० जून २०२२ रोजी, बिग टेनने पॅसिफिक-१२ मधून साउदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलए ही लॉस एंजेलिसची दोन्ही विद्यापीठं नेली.

उरलेल्या दहा जणांच्या अध्यक्षांनी मग जे केलं, ते या सगळ्या कथेतलं सर्वांत महागडं पाऊल ठरलं. तेव्हाच्या वृत्तांनुसार ईएसपीएन प्रत्येकी वर्षाला साधारण ३ कोटी डॉलर द्यायला तयार होतं. अध्यक्षांनी ५ कोटी मागितले. बोलणी तुटली. इकडे बिग ट्वेल्व्हचे नवे कमिशनर ब्रेट यॉरमार्क यांच्या कराराला अजून वर्षं शिल्लक होती, तरी ते मुदतीआधीच ईएसपीएन आणि फॉक्सकडे गेले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सहा वर्षांचा २२८ कोटी डॉलरचा करार करून आले. पॅसिफिक-१२ साठी ठेवलेला पैसा रांग मोडून पुढे आलेल्याने नेला.

१ ऑगस्ट २०२३ ला कमिशनर जॉर्ज क्लियाव्हकॉफ यांनी अध्यक्षांपुढे अॅपलचा देकार ठेवला. सामने फक्त स्ट्रीमिंगवर. खात्रीची रक्कम, वृत्तांनुसार, प्रत्येकी अडीच कोटींच्या आतबाहेर. पुढची वाढ किती ग्राहक पैसे भरतात यावर. कोलोरॅडो त्याआधीच, २७ जुलैला, बिग ट्वेल्व्हला जाऊन मिळालं होतं.

४ ऑगस्टला सकाळी उरलेल्या नऊ विद्यापीठांचे अध्यक्ष ऑनलाइन बैठकीला बसणार होते. नव्या हक्कपत्रावर सह्या करायच्या होत्या. आदल्या रात्रीपर्यंत सूर असा होता की सह्या होतील. सकाळी सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने कळवलं की आम्ही जातोय. पाठोपाठ ओरेगन. हे दोघं बिग टेनमध्ये गेले तेही पूर्ण हिस्सा न घेता. जुन्या सदस्यांना ६ कोटींच्या वर मिळणार होते, यांना सुरुवातीला साधारण ३ कोटी. तरी ते गेले, कारण अर्धा पण खात्रीचा वाटा त्यांना अॅपलच्या आश्वासनापेक्षा भरवशाचा वाटला. दोघं गेल्याचं कळताच ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा यांनी त्याच संध्याकाळी बिग ट्वेल्व्ह गाठलं. उरले चार: स्टॅनफर्ड, बर्कली, ओरेगन स्टेट, वॉशिंग्टन स्टेट.

या नऊ जणांना कोणी बाहेरून तोडलं, असं म्हणायला माझं मन धजत नाही. त्या सकाळी नऊ सह्या झाल्या असत्या तर गट टिकला असता. प्रत्येकाला एकच धास्ती होती: मी सही केली आणि शेजाऱ्याने नाही केली तर? ज्या संघात कोणाचाच कोणावर विश्वास उरला नाही, तिथे पहिला उठून जाणारा वाचतो.

मग स्टॅनफर्डला एसीसीने का घेतलं?

इथे एक कलम समजून घ्यावं लागेल. काही टीव्ही करारांत अशी अट असते की नवा सदस्य आला तर कंपनी त्याच्यासाठी जुन्यांइतकाच पूर्ण हिस्सा वाढवून देईल, म्हणजे जुन्यांचा वाटा घटत नाही. एसीसीच्या ईएसपीएनशी झालेल्या करारात ती होती. स्टॅनफर्ड, बर्कली आणि डॅलसचं एसएमयू असे तिघं आले तर वर्षाला साधारण ७ कोटी २० लाख डॉलर वाढणार होते.

तिघांनी आपली किंमत स्वतःच पाडली. स्टॅनफर्ड आणि बर्कलीने सुरुवातीची सात वर्षं फक्त ३० टक्के हिस्सा घ्यायचं कबूल केलं. एसएमयूने तर टीव्हीच्या पैशातला नऊ वर्षांचा सगळा वाटा सोडला. त्यांच्या देणगीदारांनी आठवडाभरात १० कोटी डॉलर उभे केले, म्हणून त्यांना ते झेपलं. म्हणजे ईएसपीएन तिघांसाठी पूर्ण पैसे देणार, तिघं त्यातला थोडाच भाग घेणार, आणि उरलेले पाच-सहा कोटी जुने सदस्य वाटून घेणार. इतकं असूनही मंजुरी सोपी नव्हती. पंधरापैकी बारा मतं हवी होती आणि ऑगस्टमध्ये चौघं आडवे होते: फ्लोरिडा स्टेट, क्लेमसन, नॉर्थ कॅरोलायना आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट. स्टॅनफर्डच्या बाजूने माजी परराष्ट्रमंत्री काँडोलीझा राइस यांनी फोन फिरवल्याच्या बातम्या होत्या. नोट्र डेम फुटबॉलपुरतं स्वतंत्र असलं तरी एसीसीत त्याला मत आहे, आणि आपला जुना प्रतिस्पर्धी स्टॅनफर्ड टिकावा म्हणून त्यानेही जोर लावला. १ सप्टेंबरला नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे चान्सलर, म्हणजे प्रमुख, रँडी वुडसन यांनी मत बदललं. बारा विरुद्ध तीन. त्या एका मतावर कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांचं पुढच्या कित्येक वर्षांचं विमान प्रवासाचं वेळापत्रक ठरलं.

मागे राहिलेल्या दोघांनी काय केलं?

ओरेगन स्टेट कॉर्व्हॅलिसमध्ये आहे, वॉशिंग्टन स्टेट पुलमनमध्ये. पुलमन हे गव्हाच्या शेतांमधलं विद्यापीठाचं गाव. तिथली हॉटेलं, खाणावळी यांचं वर्षाचं गणित मोठ्या सामन्यांच्या शनिवार-रविवारांवर चालतं. मोठं शहर नाही म्हणून टीव्हीला ही दोन्ही नको होती. मैदानावरची कामगिरी कोणी विचारलीच नाही.

ते दोघं कोर्टात गेले. गटाच्या नियमात होतं की २०२४ च्या १ ऑगस्टपूर्वी बाहेर पडण्याची सूचना देणाऱ्याला संचालक मंडळात मत राहणार नाही. जाणारे दहा जण म्हणाले, हा नियम आम्हाला लागू नाही, आम्ही तर मुदत पूर्ण करून जातोय. पण २०२२ मध्ये लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं निघाली, तेव्हा याच मंडळींनी हाच नियम दाखवून त्यांना बैठकीतून बाहेर ठेवलं होतं. त्यांचीच जुनी पत्रं न्यायालयात त्यांच्यावर उलटली. व्हिटमन काउंटीचे न्यायाधीश गॅरी लिबी यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये गटाचा ताबा दोघांकडे दिला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. तडजोडीत जाणाऱ्या प्रत्येकाला साधारण ६५ लाख डॉलर सोडावे लागले. त्या पैशावर आणि नावावर दोघांनी बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट वगैरेंना गोळा करून २०२६ पासून गट पुन्हा उभा करायचं ठरवलं. या सगळ्या प्रकरणात मला मनापासून ज्यांचा आदर वाटतो, ते हे दोघं.

पण एनसीएए हे थांबवत का नाही?

कारण ते तिच्या हातात नाही. १९८४ नंतर फुटबॉलच्या टीव्ही हक्कांवर तिचा ताबा नाही, आणि वर्षअखेरची विजेतेपदाची स्पर्धा, कॉलेज फुटबॉल प्लेऑफ, हीदेखील गटच चालवतात. त्या स्पर्धेच्या २०२६ पासूनच्या पैशात बिग टेन आणि एसईसी यांचा वाटा प्रत्येकी साधारण २९ टक्के ठरला आहे. नियम करणारे आणि फायदा घेणारे तेच.

संसद करू शकते. व्यावसायिक लीगना आपले हक्क एकत्र विकायची मुभा १९६१ च्या एका कायद्याने दिली आहे, ती कॉलेजांना नाही. ती द्या आणि सगळ्या विद्यापीठांचे हक्क पुन्हा एकत्र विका, अशी मोहीम टेक्सस टेकच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष, तेल उद्योजक कोडी कॅम्पबेल यांनी चालवली आहे. बिग टेन आणि एसईसी याला विरोध करतात, आणि त्यांच्या जागी बसून पाहिलं तर का करू नयेत?

फुटबॉल तेवढा वेगळा काढला तर?

हा प्रश्न सर्वांत रास्त आहे. फुटबॉल संघ आठवड्याला एक सामना खेळतो, बाहेरचे पाच-सहाच, चार्टर्ड विमानाने. पण गट बदलला की सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉल, पोहणं, सगळेच संघ त्याच्याबरोबर जातात. व्हॉलीबॉलची खेळाडू आठवड्यात दोन सामने खेळते. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीला जाऊन सामना खेळायचा, मध्यरात्री परतायचं आणि सोमवारी रसायनशास्त्राचा पेपर द्यायचा, हे तिच्या वाट्याला येतं. तिच्या सामन्यांमुळे टीव्ही कराराची रक्कम वाढली नाही आणि निर्णयात तिला कोणी विचारलं नाही. बाकीचे खेळ जुन्या शेजाऱ्यांशीच खेळू द्या, असं अनेक प्रशिक्षक जाहीरपणे म्हणत आले आहेत. अडचण अशी की बास्केटबॉललाही टीव्हीचा पैसा आहे आणि गटांच्या करारांत तो एकत्र बांधलेला आहे.

सरकारी यंत्रणेतही या विस्कळीतपणाची किंमत कोणीतरी मोजतो. यूसीएलए आणि बर्कली ही एकाच विद्यापीठ व्यवस्थेची दोन अंगं. यूसीएलए बिग टेनमध्ये गेल्याने बर्कलीचं नुकसान झालं, म्हणून नियामक मंडळाने यूसीएलएला दरवर्षी बर्कलीला १ कोटी डॉलर द्यायला लावले.

खेळाडूंनाही आता पैसे मिळतात ना?

मिळतात. २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावू शकतात. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एका तडजोडीनुसार विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात, २०२५-२६ साठी एका विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. हे आधीच व्हायला हवं होतं. पण याने गटांची ओढाताण कमी होत नाही, उलट वाढते. आता प्रत्येक विद्यापीठाला वरचे २ कोटी उभे करायचे आहेत. ज्याच्या गटाचा टीव्ही करार लहान, त्याची पळायची घाई अधिक.

ही फुटाफूट संपली का?

सध्या विराम आहे. एसीसीचं हक्कपत्र २०३६ पर्यंतचं. त्यात अडकून पडल्याने फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन आपल्याच गटाविरुद्ध कोर्टात गेले. मार्च २०२५ मध्ये समझोता झाला. पैशाचा मोठा भाग आता प्रेक्षकसंख्येवर वाटला जाईल, आणि बाहेर पडायची किंमत दरवर्षी उतरत २०३०-३१ मध्ये साडेसात कोटी डॉलरवर येईल. बिग टेनचा टीव्ही करार २०३० मध्ये संपतो, बिग ट्वेल्व्हचा २०३१ मध्ये, प्लेऑफचा त्याच्या पुढच्या वर्षी. फोनाफोनी अर्थातच त्याच्या बरीच आधी सुरू होईल, आणि तेव्हाही सगळे जण पत्रकारांना हेच सांगतील की आम्ही कोणाशीही बोललेलो नाही.